लेस्टरहून आप्पांना: क्लबची किंमत म्हणजे नेमकं काय

लेस्टर
६ जुलै २०२५

ती. आप्पांना सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत की आमच्या गावचा फुटबॉल क्लब, लेस्टर सिटी, खालच्या डिव्हिजनला गेला म्हणे, मग आता त्याची किंमत किती उरली, आणि मी नुसतं "बरीच पडली" म्हणून विषय बदलला. पण तुमचा प्रश्न कर्ज खात्यातल्या माणसाचा आहे, तारण काय आणि वसुली कुठून, त्यामुळे त्याला असं वाटेला लावून चालणार नाही. तुम्हाला माहितीये, ऑफिसात मी पगाराचे हिशेब बघते, आणि दरवर्षी या क्लबचे आकडे जाहीर झाले की ते वाचायचा मला नादच लागलाय. ह्यांना मॅचची हौस, मला ताळेबंदाची. घरात भांडण नाही.

आधी थोडं गावाबद्दल, म्हणजे आकड्यांचा अंदाज येईल. लेस्टर म्हणजे काही लंडन-मँचेस्टर नाही. मोजे-बनियन आणि बुटांच्या कारखान्यांचं गाव, ते कारखानेही आता बहुतेक गेले. वस्ती साडेतीन लाखाच्या वर. क्लब १८८४ चा, पण पहिल्या सव्वाशे वर्षांत लीग एकदाही जिंकलेला नाही. आणि मग २०१५-१६ ला थेट प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सगळ्यात वरची डिव्हिजन, जिंकली! सीझन सुरू होताना सट्टेवाल्यांचा भाव होता एकाला पाच हजार. त्याच्या आदल्या मार्चमध्ये हे लोक टेबलात तळाला होते, आणि त्याच महिन्यात इथे कार पार्कखाली हाडं सापडलेल्या पंधराव्या शतकातल्या तिसऱ्या रिचर्ड राजाला कॅथीड्रलमध्ये रीतसर पुरलं आणि नंतर टीम जिंकतच सुटली, त्यामुळे राजाची कृपा म्हणणारे लोक अजून भेटतात. ताळेबंदात राजा दिसत नाही, असो.

थायलंडच्या विचाई श्रीवद्धनप्रभा यांनी २०१० मध्ये क्लब घेतला तेव्हा किंमत ३ कोटी ९० लाख पौंडाच्या आसपास सांगितली गेली होती. एअरपोर्टवरच्या ड्युटी फ्री दुकानांचा धंदा, कंपनीचं नाव किंग पॉवर. आता पुढचा आकडा बघा. लीग जिंकल्यानंतरच्या वर्षी म्हणजे २०१६-१७ ला चॅम्पियन्स लीग, युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा, खेळले, उत्पन्न २३ कोटी ३० लाख पौंड, करापूर्वीचा नफा ९ कोटी २५ लाख. त्या वर्षी उत्पन्नाच्या हिशेबाने जगातल्या क्लबांमध्ये १४ वा नंबर! आणि आता गंमत ऐका, २०२१-२२ ला याच क्लबचा तोटा किती, तर ९ कोटी २५ लाख. आकडा तोच, फक्त चिन्ह उलटं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं टायपिंगची चूक आहे.

मधल्या पाच वर्षांत झालं काय? लोक म्हणतात ब्रँड वाढला. वाढला ना, पण ब्रँड वाढला की सगळ्यात आधी पगार वाढतात. खेळाडूच्या एजंटला माहीत असतं की समोर चॅम्पियन क्लब बसलाय, तो जुन्या भावाने सही कशाला करेल. उलट उत्पन्नाला मात्र वरून झाकण. स्टेडियम ३२ हजारांचं, तिकडे मँचेस्टर युनायटेडचं ७० हजारांच्या वर. आणि मोठ्या क्लबांकडे जगभरचे स्पॉन्सर येतात, इथे शर्टावर आणि स्टेडियमवर नाव कुणाचं, तर मालकाच्याच कंपनीचं, अनेक वर्षं. या खिशातून त्या खिशात. हे लबाडी म्हणून नाही सांगत, पण तिऱ्हाईत माणूस त्या जागेला किती मोजेल हे कळायला मार्गच राहत नाही, आणि ब्रँडची खरी किंमत तीच की नाही?

हे लोक ठरवून बसले की आपण आता दरवर्षी युरोपात खेळणार. २०२० ला आणि २०२१ ला दोन्ही वेळा पाचवे आले, दोन्ही वेळा शेवटच्या दिवशी चॅम्पियन्स लीग हुकली. चौथा आणि पाचवा नंबर, टेबलात दोघांमध्ये एक ओळ, पण त्या एका ओळीत कित्येक कोटी पौंड. २०२१ ला एफए कप, म्हणजे इंग्लंडमधली जुनी बाद फेरीची स्पर्धा, जिंकले, चेल्सीला १-० ने हरवून, गावात काय जल्लोष, पण कपाचे पैसे चॅम्पियन्स लीगच्या पैशांपुढे काहीच नाहीत. वर १० कोटी पौंडाच्या घरातलं नवीन ट्रेनिंग सेंटर बांधलं. आणि त्यातच कोविड, म्हणजे विमानं जमिनीवर, म्हणजे मालकाच्या ड्युटी फ्रीचं दुकानच बंद! तळाशी २०२२-२३ चे आकडे: उत्पन्न १७ कोटी ७० लाखाच्या आसपास आणि पगार २० कोटींच्या वर. पगारच उत्पन्नापेक्षा जास्त, आप्पा. वीज, प्रवास, व्याज सगळं त्यानंतर. तुमच्या टेबलावर अशी फाईल आली असती तर तुम्ही चहासुद्धा न पाजता परत पाठवली असती. त्याच वर्षी टीम १८ वी येऊन खाली गेली.

आता तारणाकडे येते. स्टेडियम आहे, पण फुटबॉल ग्राऊंड फुटबॉलशिवाय कशाला उपयोगी? खरं तारण खेळाडू, आणि तिथे हिशेबाची गंमत आहे जी तुम्हाला आवडेल. समजा खेळाडू २ कोटीला घेतला आणि पाच वर्षांचा करार केला, तर ताळेबंदात तो दरवर्षी ४० लाखाने कमी होत जातो, मशीनच्या घसाऱ्यासारखा. पोरगा प्रत्यक्षात दर मॅचला चांगला खेळत असला तरी कागदावर उतरतोच. आणि आपल्याच अकॅडमीत वाढलेला असेल तर कागदावर किंमत शून्य, म्हणजे विकला की जवळजवळ सगळा नफा. लेस्टर यात एकेकाळी पक्के व्यापारी होते. कांते ५०-६० लाखात आणला, एका वर्षात ३ कोटीच्या वर विकला. माहरेझ तर ५ लाखाच्या आत आणला आणि ६ कोटीला गेला. मॅग्वायर १ कोटी ७० लाखात आणून ८ कोटीला. दरवर्षी एक मोठा माणूस विकायचा आणि त्या पैशात तीन नवीन शोधायचे, लहान गावच्या क्लबला मोठ्यांत टिकायचा हाच एक रस्ता.

मग तो रस्ता सोडला. विकायच्या वेळी विकलं नाही, करार संपत आले तरी थांबले. टीलेमान्स, ज्याच्या गोलवर एफए कप आला, तो २०२३ ला करार संपल्यावर अॅस्टन व्हिलाला गेला आणि क्लबला मिळालं काय तर काहीच नाही. वर्षभर आधी विकला असता तर कोट्यवधी आले असते. मला विचाराल तर त्या तोट्याची सुरुवात थायलंडात नाही आणि कोविडातही नाही, ती या असल्या निर्णयांत आहे. तारणाची मुदत संपेपर्यंत बँक बघत बसली, अजून काय.

बाकी राहिलं टीव्ही. प्रीमियर लीगमध्ये शेवटचा आला तरी टीव्ही वगैरेचे मिळून १० कोटी पौंडांहून जास्त मिळतात. त्याच्या खालच्या डिव्हिजनमध्ये, तिचं नाव चॅम्पियनशिप, साध्या क्लबला त्याच्या पासंगालाही पुरणार नाही एवढं मिळतं. म्हणून खाली पडणाऱ्याला पॅराशूट पेमेंट देतात, वरच्या क्लबला टीव्हीचा जो समान वाटा मिळतो त्याच्या पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५, तिसऱ्या वर्षी २०. पण अट अशी की वर येऊन एकाच सीझनमध्ये परत पडलात तर तिसरं वर्ष नाही. लेस्टरचं नेमकं तेच झालं, २०२३ ला पडले, २०२४ ला वर आले, यंदा एप्रिलमध्ये परत पडले, म्हणजे दोनच वर्षांची दोरी. आणि हे पुढचे हप्तेसुद्धा आधीच गुंतवायची पद्धत आहे, मॅक्वारी नावाची ऑस्ट्रेलियन बँक येणाऱ्या टीव्हीच्या आणि खेळाडू-विक्रीच्या पैशांवर क्लबांना कर्ज देते आणि लेस्टरने ते घेतलंय. सरळ उचलच ही.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की क्लबची किंमत नावात नाही आणि कपाटातल्या कपातही नाही, तो आत्ता कोणत्या डिव्हिजनमध्ये आहे त्यात आहे. तेच ग्राऊंड, तोच निळा शर्ट, तीच माणसं, आणि तीन मॅच कमी जिंकल्या तर विकत घेणारा निम्मी किंमतसुद्धा बोलणार नाही. हे २००२ लाही झालं होतं. ३ कोटी ७० लाखाचं नवं कोरं स्टेडियम बांधलं, त्याच वर्षी टीम खाली, त्याच वर्षी खालच्या डिव्हिजनचे टीव्ही हक्क घेतलेली आयटीव्ही डिजिटल बुडाली, आणि क्लब दिवाळखोरीच्या प्रक्रियेत. तेव्हा गॅरी लिनेकर, इंग्लंडचा नावाजलेला माजी खेळाडू, इथल्या मार्केटात फळं विकणाऱ्याचा पोरगा, त्याने माणसं गोळा करून क्लब वाचवला.

त्या वेळची एक पावती मी स्वतः बघितलीये. आमच्या शेजारी एक गुजराती काका आहेत, १९७२ ला ईदी अमीनने हाकलल्यावर युगांडातून इथे आलेले. त्यांनी तेव्हा सपोर्टर्स ट्रस्टला, म्हणजे चाहत्यांच्या संघटनेला, पैसे दिले होते, ती पावती सीझन तिकिटाच्या पाकिटात अजून आहे, शाई उडून पिवळी पडलेली. मी म्हटलं काका हे परत मिळणार होते का, तर म्हणाले कुणी मागितले? यंदा टीम घरच्या ग्राऊंडवर ओळीने नऊ लीग मॅच हरली आणि नऊच्या नऊमध्ये एकही गोल नाही, इंग्लंडच्या लीगच्या इतिहासात असं कुणाचं झालं नव्हतं. काका नऊच्या नऊला गेले! आल्यावर शिव्या देतात, मालकाला, मॅनेजरला, गोलकीपरला, आणि पुढच्या शनिवारी परत मफलर गुंडाळून तयार. दुसऱ्या कुठल्या धंद्यात असं गिऱ्हाईक मिळतं सांगा. दुकानाचा माल खराब निघाला तर माणूस समोरच्या दुकानात जातो, इथे समोरचं दुकान म्हणजे शेजारच्या नॉटिंगहॅम किंवा डर्बीचा क्लब, तिकडे जाण्यापेक्षा काका उपाशी राहतील. हे गिऱ्हाईक ताळेबंदात कुठेच नाही. पण लेनदारसुद्धा क्लबला बुडू देत नाहीत ते याच्याच जोरावर, असं मला वाटतं.

मालकांबद्दल मात्र गावात वाईट बोलवत नाही कुणाला, निदान थोरल्यांबद्दल. विचाईंचं हेलिकॉप्टर २७ ऑक्टोबर २०१८ ला मॅचनंतर स्टेडियमच्या बाहेरच कोसळलं, ते गेले, बरोबरचे चौघेही गेले. बाहेर त्यांचा पुतळा आहे. आता मुलगा बघतो. त्याने २०२३ मध्ये कंपनीचं क्लबकडे असलेलं १९ कोटी ४० लाखाचं कर्ज शेअरमध्ये फिरवलं, म्हणजे परत मागणारच नाही म्हणून सांगितलं. विचार करा, ३ कोटी ९० लाखाला घेतलेली वस्तू आणि एका सहीत त्याच्या पाचपट सोडून दिले. असा सावकार कुठे बघितलात? तरुण पोरं मात्र आता त्याच्यावर चिडलीयेत, आणि मला ते पटतं, कारण पैसे घालणं वेगळं आणि धंदा नीट चालवणं वेगळं. त्यात नफा-तोट्याच्या नियमांचं लचांड आहे, तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटींच्या वर तोटा चालत नाही, आणि खालच्या डिव्हिजनला ३ कोटी ९० लाखाच्या वर. मे महिन्यात प्रीमियर लीगने लेस्टरचं प्रकरण पुन्हा चौकशीला लावलंय. त्याचा निकाल काय येतो त्यावरही किंमत हलणार.

आणि एक गंमत, पुढच्या सीझनला यांच्याच डिव्हिजनमध्ये रेक्सहॅम आलाय. वेल्समधलं लेस्टरपेक्षा कितीतरी लहान गाव. हॉलिवूडच्या दोन नटांनी २०२१ मध्ये तो क्लब घेतला, २० लाख पौंड घालून, आणि त्यावर टीव्ही मालिका काढली. तेव्हा पाचव्या पायरीवर होता, आता ओळीने तीन वर्षं तीन पायऱ्या चढून वर आलाय. २०२३-२४ ला, चौथ्या पायरीवर खेळत असताना, उत्पन्न २ कोटी ६७ लाख, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त युरोपच्या बाहेरून! लेस्टरने जगातला सगळ्यात अशक्य कप जिंकून जे जमवलं नाही ते यांनी कॅमेरा लावून जमवलं. ह्यांना हे सांगितलं तर जेवताना रुसून बसले होते. पण रेक्सहॅमचा ब्रँडसुद्धा चढण्याच्या गोष्टीवर उभा आहे, चढणं थांबलं की मालिका कोण बघणार, हा माझा मुद्दा त्यांनी ऐकूनच घेतला नाही.

चिन्मयला जर्सी हवीये असं वहिनी म्हणत होत्या. मागे वार्डीचं नाव घालून घेऊ का विचारा, तो जुना गोल मारणारा मे महिन्यात क्लबकडून शेवटची मॅच खेळला, तिच्यातच २०० वा गोल मारून, आणि ती त्याची बरोब्बर ५०० वी मॅच होती. फ्लीटवुड नावाच्या छोट्या क्लबाकडून १० लाखात आणला होता. दुसऱ्या कुणाचं नाव घालायचं तर थांबा, ऑगस्टअखेरपर्यंत कोण विकला जाईल काही सांगता येत नाही. साईझ कळवा. आईला नमस्कार सांगा आणि बीपीची गोळी वेळेवर घ्या.

तुमची
मनू