पलोमाच्या कृतीत ग्रेपफ्रूट हवे, आणि औषधांची सूचनाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळ्यानिमित्त घरी करण्याच्या पेयांच्या ज्या कृती आल्या, त्यांत ‘पलोमा’ या टकिला नावाच्या मद्यापासून होणाऱ्या मेक्सिकन पेयाची कृती वाचली. वर्तमानपत्राने दारूच्या कृती छापाव्यात की नाही, या वादात मला शिरायचे नाही. ज्यांचे वय कायद्याच्या अटीत बसते, ज्यांच्याकडे परवाना आहे आणि जे आवडीने पितात, त्यांनी ते नीट करून आणि समजून प्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे. मात्र त्या कृतीत ग्रेपफ्रूट या पपनसासारख्या कडवट फळाऐवजी मोसंबीचा रस चालेल, सोड्यासह सगळे साहित्य शेकरमध्ये घालून हलवावे आणि शेवटी वरून मीठ भुरभुरावे, असे तीन सल्ले होते आणि तिन्ही सल्ले पेय बिघडवणारे आहेत. शिवाय ग्रेपफ्रूटचे नाव घेतल्यावर औषधांविषयीची जी सूचना छापायलाच हवी होती, ती संपूर्ण लेखात कुठेच नव्हती. मी व्यवसायाने औषधनिर्माता असल्यामुळे आणि मुलीच्या नोकरीनिमित्त मेक्सिकोच्या हालिस्को राज्यातील ग्वादालाहारा शहरात माझे जाणे-राहणे झाल्यामुळे या दोन्ही बाजूंवर चार शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते.

परदेशी माणसाला मेक्सिको म्हटले की मार्गारिटा हे टकिलाचेच पेय आठवते. हालिस्को राज्यातील घरांत आणि साध्या खानावळींत मला पलोमाच अधिक दिसली. ती पहिल्यांदा कोणी केली याचा खात्रीलायक पुरावा नाही. तिथल्याच टकिला नावाच्या गावातील ‘ला कापिया’ या जुन्या बारचे दिवंगत मालक खाविएर देल्गादो कोरोना यांना तिचे श्रेय अनेकदा दिले जाते, पण त्यांचे नाव खऱ्या अर्थाने जोडले गेले आहे ते टकिला, कोला आणि लिंबू यांच्या ‘बतांगा’शी. पलोमाची वाढ ग्रेपफ्रूटच्या गोड सोड्याबरोबर झाली. ‘स्क्वर्ट’ हा तसा सोडा 1938 साली अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात निघाला आणि 1950च्या दशकात मेक्सिकोत पोहोचला. आज तिथल्या कोणत्याही किराणा दुकानात ग्रेपफ्रूटच्या सोड्याची बाटली मिळते. टकिला, तो सोडा, लिंबाची फोड आणि चिमूटभर मीठ, एवढ्यात तिथले काम भागते. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या अधिकृत यादीतील प्रमाणही असेच साधे आहे: टकिला 50 मिली, लिंबाचा रस 5 मिली, चिमूटभर मीठ आणि गुलाबी ग्रेपफ्रूटचा सोडा 100 मिली.

इतक्या थोड्या साहित्यात प्रत्येक वस्तूला आपले काम असते, आणि म्हणूनच मोसंबीचा सल्ला मला मान्य नाही. पलोमाचा जीव तिच्या कडवटपणात आहे. ग्रेपफ्रूटमध्ये नारिंजिन नावाचे द्रव्य असते आणि त्यामुळे पहिल्याच घोटाला जिभेवर स्वच्छ, टवटवीत कडवटपणा येतो. टकिलाला मुळातच जो मातीचा, किंचित मिरीसारखा वास असतो, त्याला तो कडवटपणा धरून ठेवतो. मोसंबी गोड आणि सौम्य असते. तिचा रस टकिलात घातला की वर गोडवा आणि खाली दारूचा चटका अशी दोन वेगळी टोके राहतात. पिळून ठेवलेला मोसंबीचा रस काही वेळाने कडू होतो हे घरोघरी माहीत आहे, परंतु तो कडूपणा लिमोनिन या वेगळ्या द्रव्याचा असतो, मागाहून येऊन घशाशी रेंगाळतो, आणि त्याचा इथे काहीही उपयोग नाही.

ग्रेपफ्रूट आपल्याकडे सर्वत्र मिळत नाही, महागही असते, ही अडचण खरी आहे. तिच्यावरचा उतारा मात्र मोसंबीपेक्षा आपल्या पपनसात शोधावा. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि गोड संत्रे यांच्या नैसर्गिक संकरातून अठराव्या शतकात कॅरिबियनमधील बार्बाडोस बेटावर आलेले फळ आहे. म्हणजे पपनस हे त्याच्या आईबापांपैकी एक. नारिंजिन त्यातही असते. गणपतीच्या सुमारास पपनसे बाजारात येतात तेव्हा लालसर गराचे, हातात जड लागणारे फळ निवडावे, फोडींवरचा जाड पांढरा पापुद्रा पूर्ण काढून टाकावा आणि मोकळा झालेला गर हलक्या हाताने दाबून गाळावा. मिक्सर फिरवला की बिया आणि पापुद्र्याचे तुकडे भरडले जातात आणि कडवटपणाची जागा कडूजहरपणा घेतो. पपनसाचा रस ग्रेपफ्रूटपेक्षा कमी आंबट लागला तर लिंबू थोडे वाढवावे. लिंबाच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. मेक्सिकोत वापरतात ते लहान, पातळ सालीचे लिंबू म्हणजे आपले कागदी लिंबूच. त्यासाठी महागडे पिवळे आयात लिंबू आणण्याची काहीही गरज नाही. (कडक उन्हात गच्चीवर बसून लिंबे पिळणाऱ्यांनी लगेच साबणाने हात धुवावेत; लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले की फोड आणि काळे डाग येऊ शकतात.)

आता मीठ आणि सोडा. लिंबाच्या सरबतात चिमूटभर मीठ घातल्याशिवाय आपल्याला ते पुरे वाटत नाही, तसेच पलोमाचे आहे. मीठ कडवटपणाची धार कमी करते आणि त्यामुळे फळाची गोडी वर येते. पण ते शेवटी, सोडा ओतून झाल्यावर भुरभुरले की प्रत्येक कणाभोवती वायूचे बुडबुडे जमतात, फेस उसळून ग्लासाबाहेर येतो आणि मिनिटभरात पेय मिळमिळीत होऊन बसते. मीठ आधी लिंबाच्या रसात विरघळवायचे. टकिलात ते सहज विरघळत नाही, म्हणून लिंबाचा रसच हवा. आणि सोडा शेकरमध्ये घालून हलवणे तर सर्वथा चूक आहे, कारण एक तर बंद भांड्यात दाब वाढून झाकण उडू शकते, आणि झाकण टिकले तरी ज्या बुडबुड्यांसाठी हा खटाटोप, ते ग्लासात येण्याआधीच निघून गेलेले असतात.

ताज्या रसाची कृती मी करतो ती अशी. उंच ग्लास, सोड्याची बाटली, रस आणि टकिला हे सगळे आधी फ्रीजमध्ये चांगले गार करतो, कारण थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड अधिक टिकतो आणि कोमट रसावर ओतलेला सोडा तिथल्या तिथे वायू सोडून देतो. ग्लासाच्या अर्ध्या कडेला बाहेरून लिंबाची फोड फिरवून तेवढाच भाग जाडसर मिठात टेकवावा. अर्धी कड कोरी ठेवल्याने पिणाऱ्याला प्रत्येक घोटाला मीठ हवे की नको हे ठरवता येते. तळाशी अर्ध्या कागदी लिंबाचा रस, त्यात चिमूटभर मीठ आणि चहाचे दोन चमचे साखरेचा पाक घालून मीठ विरघळेपर्यंत ढवळावे. मग 50 मिली टकिला आणि 60 मिली ग्रेपफ्रूटचा रस घालावा. बर्फ मोठ्या तुकड्यांचा, फ्रीजमधून नुकताच काढलेला आणि ग्लास काठोकाठ भरेल इतका हवा. थोडा बर्फ लवकर वितळतो आणि पेय पाणचट होते, हे ऐकायला उलटे वाटले तरी खरे आहे. शेवटी ग्लास किंचित तिरपा धरून 60 ते 80 मिली साधा सोडा कडेने सावकाश सोडावा आणि लांब चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचलावा, जेणेकरून खाली बसलेला रस आणि पाक वर येईल. त्यापुढे ढवळू नये. सोड्याऐवजी टॉनिक वॉटर वापरू नये. त्यात क्विनीनचा स्वतःचा कडूपणा असतो आणि ग्रेपफ्रूट त्याखाली दबते.

बाटलीविषयी थोडक्यात सांगतो. टकिला ही निळ्या अगावेपासून होते. आपल्याकडे बांधावर आणि रेल्वेमार्गाकडेला दिसणाऱ्या घायपाताच्याच कुळातील ही वनस्पती आहे. तिचा गड्डा तयार व्हायला साधारण सहा ते आठ वर्षे लागतात. 1974 पासून हे नाव भौगोलिक मानांकनाने संरक्षित आहे आणि हालिस्को राज्य व आणखी चार राज्यांतील ठरावीक भागांतच ही दारू तयार होऊ शकते. बाटलीवर ‘100% अगावे’ असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर नियमानुसार आंबवण्यातील 49 टक्क्यांपर्यंत साखर अगावेखेरीज दुसरी, बहुधा उसाची, असू शकते. दुकानात ‘गोल्ड’ म्हणून मिळणारी पिवळी टकिला बहुतेकदा या दुसऱ्या प्रकारची असते आणि तिचा रंग कॅरमलचा असतो. पलोमासाठी शंभर टक्के अगावेची, रंगहीन ‘ब्लांको’ घ्यावी. लाकडी पिंपात वर्षभर मुरवलेली महाग ‘आन्येहो’ सोड्यात घालणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे.

ज्या सूचनेसाठी मुख्यतः हे पत्र लिहिले, ती आता मांडतो. ग्रेपफ्रूटमध्ये फ्युरानोकुमारिन वर्गाची द्रव्ये असतात. आपल्या आतड्याच्या अस्तरात अनेक औषधांचा काही भाग रक्तात जाण्यापूर्वीच मोडून टाकणारे एक विकर (एन्झाइम) असते. ही द्रव्ये त्या विकराला निकामी करतात आणि शरीराला ते नव्याने तयार करावे लागते. त्यामुळे परिणाम एका दिवसापेक्षाही अधिक टिकू शकतो, आणि गोळी सकाळी व रस संध्याकाळी, अशी वेळ बदलून हा प्रश्न सुटत नाही. नेहमीचीच मात्रा घेतलेल्या माणसाच्या रक्तात औषध कित्येक पटींनी वाढू शकते. या गोष्टीचा शोध मद्याच्याच एका प्रयोगात अपघाताने लागला, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. कॅनडातील डॉ. डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबावरील औषधाचा अल्कोहोलशी काय संबंध येतो ते तपासत होते आणि अल्कोहोलची चव लपवण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. औषधाची पातळी अपेक्षेपेक्षा फार वर गेली, आणि शोध घेतल्यावर कारण अल्कोहोल नसून रस असल्याचे निघाले. 1989 मध्ये ही बाब प्रथम प्रसिद्ध झाली आणि 1991 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील लेखाने ती जगभर पोहोचली.

आपल्याकडे चाळिशी-पन्नाशीनंतर कोलेस्टेरॉलची गोळी घेणारे किती लोक आहेत, हे औषधांच्या दुकानाच्या काउंटरमागे उभा राहणारा कोणीही सांगेल. त्या गोळ्यांपैकी सिम्वास्टॅटिन आणि काही प्रमाणात ॲटॉर्वास्टॅटिन यांवर ग्रेपफ्रूटचा परिणाम होतो. रोझुवास्टॅटिनवर तो तसा होत नाही. रक्तदाबावरील निफेडिपिन आणि फेलोडिपिन, तसेच मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर घेतली जाणारी सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही औषधेही या यादीत येतात. शेवटच्या दोन औषधांबाबत तर थोडासाही धोका पत्करू नये. एका पलोमात 60 मिली रस म्हणजे भरलेल्या पेल्यापेक्षा कमी असतो, हे खरे. पण पार्टीत ग्लास एकावर थांबत नाही. मी वर पपनसाची शिफारस केली आहे, म्हणून हेही स्पष्ट करतो की पपनसातही हीच द्रव्ये असतात आणि ही सूचना त्यालाही लागू आहे. मोसंबी आणि नेहमीचे संत्रे यांच्याबाबत ही अडचण सहसा येत नाही. त्यामुळे ज्यांना अशी औषधे चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना किंवा औषध देणाऱ्याला गोळीचे नाव दाखवून आधी विचारावे.

फळाखेरीज मद्याचा स्वतःचा औषधांशी संबंध येतोच. झोपेच्या गोळ्यांबरोबर ते घेऊ नये, आणि ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहावरील गोळी घेणाऱ्याने रिकाम्या पोटी मद्य घेतल्यास रक्तातील साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. 40 टक्के तीव्रतेच्या 50 मिली टकिलात सुमारे 16 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. फळाच्या रसामुळे आणि गारव्यामुळे ते जाणवत नाही इतकेच. म्हणून टकिला अंदाजाने ओतू नये, मापाने ओतावी. वाहन चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, तर महाराष्ट्रात अशा तीव्र मद्यासाठी वयाची अट 25 वर्षांची असून सेवनासाठी परवाना लागतो.

आपल्या पुरवणीचे संपादन करणाऱ्यांना माझी विनंती अशी आहे की, त्या कृतीची दुरुस्ती छापावी आणि यापुढे ग्रेपफ्रूट किंवा पपनस असलेली कोणतीही कृती देताना, मग ती मद्याची असो वा साध्या सरबताची, औषधांविषयीची दोन ओळींची सूचना साहित्याच्या यादीतच, त्या फळाच्या नावासमोर द्यावी. लेखाच्या तळाशी बारीक अक्षरांत दिलेली सूचना कृती कापून फ्रीजवर चिकटवणाऱ्याच्या हाती लागत नाही.

आपला विश्वासू,
एक औषधनिर्माता, ठाणे