माथेरानच्या जुन्या हॉटेलाचं सागवान कुठे गेलं, मंत्रिमहोदय?

माननीय मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या माथेरानमधल्या जुन्या हॉटेलाचा पुढचा व्हरांडा पाडला. मागच्या दिवाळीत याच व्हरांड्यात उभं राहून आपण सर्वांदेखत शब्द दिला होता, की ही वास्तू सरकार जपेल. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

१८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढला आणि इथे बंगले उठू लागले. पण हॉटेलं खरी भरली ती १९०७ नंतर, पीरभॉय कुटुंबाने नेरळहून छोटी रेल्वेगाडी वर आणली तेव्हा. त्याआधी पाहुणे घोड्यावरून, पालखीतून येत. आमचं हॉटेल त्याच काळातलं: जांभ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, सागवानी खांब. माझे आजोबा तिथे खानसामा होते. वडील पावसाआधी व्हरांड्याला पेंढ्याच्या झडी बांधायचे, मी खाली वासे धरून उभा. पावसाळाभर हॉटेल बंद, म्हणजे घरात पगार बंद. मुंबईचे पारशी-गुजराती पाहुणे पुन्हा वर आले की मग आमची दिवाळी व्हायची.

ते खांब आता गेले. पंचवीस-तीस तरी असतील, काहीजण चाळीस म्हणतात. पंचनामाच नाही, तर आकडा कोण सांगणार? मागच्या दारी पाहुण्यांच्या वह्या लाल मातीत फेकलेल्या होत्या. परवाच्या वळवाने त्यांचा लगदा झाला. एक मी घरी आणून सुकत घातलीय. शाई पसरलीय, तरी एका पानावर दोन खाटा, एक घोडा, सहा अंडी एवढं वाचता येतं.

माझ्या खोलीचा पत्रा फुटलाय. बदलायला गेलो तर कचेरीतले म्हणाले, २००३ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, म्हणजे निसर्ग जपण्यासाठी बांधकामावर निर्बंध, परवानगी आणा. अर्जाची पोच मिळाली, उत्तर नाही. गेला पावसाळा बादल्या लावून काढला, बायकोचा खोकला अजून गेलेला नाही. माझ्या एका पत्र्याने डोंगराला धोका होतो आणि शंभर वर्षांचं सागवान दिवसाढवळ्या हातगाडीवरून, मोटारी थांबतात त्या दस्तुरी नाक्याला जातं, तेव्हा तुमचा झोन कुठे असतो हो?

मुंबईत तरी काय दिवे लावलेत? काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, या देशातला पहिला सिनेमा. त्या इमारतीचा भाग २००५ साली कोसळला आणि रहिवाशांना बाहेर काढायला २०१९ उजाडलं! मुंबईची ही तऱ्हा, तर डोंगरावरच्या कौलारू हॉटेलाला कोण विचारतो? आधी कौल फुटू द्यायचं, मग भिंतीवर ‘धोकादायक’ची पाटी लावायची, मग जमीन मोकळी. एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं, दुसरं तिसऱ्याकडे. जाहिरातीत मात्र हाच व्हरांडा, हीच छोटी गाडी. ज्यांनी तो झाडला, शाकारला, त्यांना विचारायला एकजण वर आला नाही.

मागचं दालन आणि स्वयंपाकघर अजून उभं आहे. त्याचं पाडकाम आजच थांबवा. गेलेल्या लाकडाचा पंचनामा करा, ते कोणाच्या सहीने खाली गेलं ते जाहीर करा. जांभ्याचं काम कळणारा इंजिनिअर पाठवा, नुसता फोटो काढून जाणारा नको. उरलेल्या वह्या सरकारी पुराभिलेखागारात ठेवा, नाहीतर मला तसं लेखी कळवा, मी सांभाळतो.

आणि माझ्या पत्र्याच्या अर्जाचं उत्तर मृगाआधी द्या.

कळावे,
माथेरानचा एक रहिवासी