ती. आई-बाबांस: मदतीच्या पैशांचा हिशेब

क्लार्क काउंटी, विस्कॉन्सिन, अमेरिका
फेब्रुवारी २०२१

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

बाबा, मागच्या फोनवर तुम्ही म्हणालात की, तिकडचे सरकार शेतकऱ्याला घरबसल्या पैसे देते, मग तिथल्या शेतकऱ्याचे अडते कुठे? तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. सध्या आमच्या कार्यालयात शेतकऱ्यांची करविवरणपत्रे १ मार्चच्या आत भरण्याची घाई आहे आणि जवळपास प्रत्येक फाइलमध्ये ही मदत उत्पन्न म्हणून दाखवावी लागते, कारण तिच्यावरही कर आहे. त्यामुळे हिशेब समोरच आहे, म्हणून लिहिते.

गेल्या मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा आणि हॉटेले बंद झाली आणि इथल्या दुधाला, ज्याचे बहुतांशी चीजच होते, गिऱ्हाईक उरले नाही. एप्रिलमध्ये काही गोठ्यांवर दूध शेणाच्या खड्ड्यात ओतावे लागले. आई, तू असतीस तर तुला ते बघवले नसते. चीजच्या दुधाचा दर फेब्रुवारीत १०० पौंडांना (म्हणजे सुमारे ४५ किलोंना) १७ डॉलर होता, तो मे महिन्यात १२ डॉलर १४ सेंटवर आला.

१७ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने १९ अब्ज डॉलरांची योजना जाहीर केली. त्यांतले १६ अब्ज थेट शेतकऱ्यांसाठी होते आणि ३ अब्ज खाद्यपदार्थ विकत घेऊन, खोक्यांत भरून गरजूंना वाटण्यासाठी. दुधाची मदत जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांच्या उत्पादनावर ठरली. दर १०० पौंडांमागे ४ डॉलर ७१ सेंट आणि पुढच्या तिमाहीपोटी आणखी १ डॉलर ४७ सेंट, असे मिळून ६ डॉलरांहून थोडे अधिक.

जूनमध्ये सत्तरीचे एक गृहस्थ आमच्याकडे आले. कृषी खात्याच्या काउंटी (म्हणजे जिल्हा) कार्यालयात तेव्हा आत प्रवेश नव्हता, सगळे काम फोनवर आणि टपालाने चालत होते. त्यांनी बुटांच्या खोक्यातून दुधाच्या बिलांच्या चिठ्ठ्या काढून टेबलावर मांडल्या. गोठ्याचा वास लागलेल्या त्या चिठ्ठ्या पाहून मला तुमची डेअरीची वही आठवली. पन्नास गाईंचे तीन महिन्यांचे दूध मांडले तेव्हा रक्कम सुमारे १८ हजार डॉलर आली. त्यातले ८० टक्के आधी आणि उरलेले नंतर मिळाले. चारा आणि विजेची थकलेली बिले भागवण्यापलीकडे त्यातून फारसे काही झाले नाही, पण ते पैसे वेळेवर आले आणि गोठा विकावा लागला नाही. या वेगाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

खटकते ते वाटप. मदत दुधाच्या मापाने दिली गेली, म्हणून हजार गाईंच्या गोठ्याला पन्नास गाईंच्या वीसपट. एका माणसाला अडीच लाख डॉलरांची मर्यादा होती खरी, पण कंपनी करून चालवलेल्या शेतीत राबणारे तीन भागीदार दाखवता आले, तर ती साडेसात लाखांपर्यंत जात होती. आणि २०१९ मध्ये विस्कॉन्सिनात जे ८०० हून अधिक गोठे बंद पडले, त्यांच्याकडे दाखवायला तिमाहीचे दूधच नव्हते. राज्य सरकारने स्वतंत्रपणे ५ कोटी डॉलर वाटले, त्यात मध्यम आणि लहान शेतीकडे जास्त लक्ष होते; मला तीच पद्धत अधिक न्यायाची वाटते.

पुढे जुलैमध्ये दर २४ डॉलर ५४ सेंटपर्यंत चढला, त्याला त्या खोक्यांसाठी झालेल्या चीजखरेदीचाही हातभार होता. परंतु दुधाच्या वेगवेगळ्या वापरांचे पैसे एकत्र करून वाटण्याची इथली जी पद्धत आहे, तिच्यातल्या वजावटीमुळे तो पूर्ण दर अनेकांच्या बिलात उतरलाच नाही.

बाबा, घरबसल्या पैसे आले हे खरे, पण ते चिठ्ठ्या जपून ठेवणाऱ्यालाच वेळेत मागता आले. म्हणून एक विनंती: गेल्या एप्रिलमध्ये आपल्याकडेही दर पडला होता, तेव्हाची तुमची डेअरीची वही रद्दीत देऊ नका. आईला सांगून ती कपाटात, सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर ठेवा.

तुमची,
धाकटी