पत्ता आमचा, नोंद त्याची

महोदय,

लैंगिक गुन्हेगारांची यादी सर्वांसाठी खुली करा, असं सांगणारा लेख कालच्या अंकात वाचला. तळमळ पोचली. पण खुली करण्याआधी ती यादी कुणी एकदा तपासून बघेल का?

आम्ही राहतं घर नऊ वर्षांपूर्वी घेतलं. आधीच्या मालकांच्या भाडेकरूला असल्याच गुन्ह्यात शिक्षा झाली होती, हे आम्हाला कळलं ते हवालदार दारात उभे राहिले तेव्हा. आतापर्यंत तीनदा आले. गेल्या महिन्यात आलेल्यांनी तर हातातल्या झेरॉक्सवरचा काळपट फोटो माझ्या मुलाच्या तोंडाशी दोनदा ताडून पाहिला. मुलगा चोवीस वर्षांचा. तो फोटो निघाला तेव्हा शाळेत असेल. समोरच्या काकू दार किलकिलं करून ऐकत होत्या, त्यांना काय काय समजलं असेल देव जाणे. 'तो इथे राहत नाही' हे मी तिन्ही वेळा लिहून दिलं, शिक्का मारलेली पोच जपून ठेवली आहे. कागदावरचा पत्ता मात्र जागचा हलत नाही. आणि तो माणूस सध्या जिथे असेल, तिथल्या ठाण्यात बहुधा त्याचा कागदच नसेल!

राष्ट्रीय यादी 20 सप्टेंबर 2018 रोजी पोलिसांसाठी सुरू झाली तेव्हाच तिच्यात 4 लाख 40 हजार नोंदी होत्या. नाव, पत्ता, फोटो, बोटांचे ठसे. ठसे जन्मभर तेच राहतात, पत्त्याचं तसं नाही. अमेरिकेच्या 2006 च्या केंद्रीय कायद्यानुसार घर बदललं की कामकाजाच्या तीन दिवसांत स्वतः जाऊन कळवावं लागतं. शिवाय गुन्ह्यानुसार दर तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी किंवा वर्षाने हजेरी. आपल्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम 356 पाहा: पत्ता कळवण्याची सक्ती पुन्हा दोषी ठरलेल्यालाच लागू, तेही न्यायालयाने आदेश दिला तर, आणि फार तर पाच वर्षं. बाकीच्यांचे पत्ते शोधायला हवालदार आहेतच, आमच्या दारात.

जाता जाता, तुमच्या लेखकाने सबंध लेखात 'आरोपी' लिहिलं आहे. ही यादी दोषी ठरलेल्यांची आहे. इतरांचं प्रूफ तपासणाऱ्यांनी निदान हा शब्द तरी बघायला हवा होता.

माझं नाव छापू नये. पत्ता तर मुळीच नको, तो एका यादीत आधीच आहे.

— एक वाचक