पोच मागायला शिकवलात, काका

काका, फोन करून थँक्यू म्हटलं की तुम्ही "असू दे गं" म्हणून ठेवूनच टाकता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते. नाव घालत नाही, तुम्हाला आवडणार नाही.

बाबा गेल्यावर शेताच्या उताऱ्यावर वारसा लावायचा, आईचं आणि आम्हा दोघी बहिणींचं नाव, एवढंच काम होतं. आठ महिने गेले त्यात! कधी साहेब मीटिंगला, कधी सर्व्हर डाऊन, एकदा तर आईनं मराठीत लिहिलेला अर्ज त्या माणसानं बघितला पण नाही, "कन्नडदाग बरकोंड बर्री" (कन्नडमध्ये लिहून आणा) म्हणून टेबलावरून सरकवून दिला, आणि आई बेळगावची बस येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

कोर्टाबाहेरच्या तुमच्या टायपिंगच्या टेबलाशी आलो तेव्हा मी नुसती चिडून बोलत होते. तुम्ही सगळं ऐकून घेतलात आणि एवढंच विचारलंत, "पोच कुठाय?" आठ महिन्यांत एकदाही पोच घेतली नव्हती आम्ही. म्हणजे कागदावर आमचा अर्जच नव्हता, मग उशीर तरी कुणी केला म्हणायचं? तो प्रश्न मला आधी कुणीच विचारला नव्हता.

मग तुम्ही 'सकाल'चं सांगितलात, सरकारी कामं ठरल्या मुदतीत करून द्यायची कर्नाटकातली योजना. 2011 चा कर्नाटकाचा कायदा, अर्ज नोंदवला की 15 अंकी नंबर मिळायलाच पाहिजे, कामाला मुदत असते, मुदत टळली तर दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500, आणि ते अधिकाऱ्याच्या पगारातून. रक्कम छोटी आहे, पण कुणामुळे उशीर झाला ते कागदावर येतं ना, त्याचीच भीती असते असं तुम्ही म्हणालात ते खरंच निघालं.

नंबर मिळाला तरी फाईल हलेना, तेव्हा माहिती अधिकाराचा अर्ज तुम्हीच कन्नडमध्ये टाईप केलात, कारण तो अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेतच चालतो. 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावली. प्रश्न तीनच, माझा अर्ज कुठल्या तारखेला कुणाच्या टेबलावर होता, त्यांचं नाव आणि हुद्दा काय, तिथे किती दिवस पडून राहिला. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, पुढे माहिती आयोग, तिथे दिवसाला 250 रुपये दंड, 25,000 पर्यंत. अपिलापर्यंत जावंच लागलं नाही. तिसऱ्या आठवड्यात ऑफिसातनंच फोन आला, "ताई, येऊन सही करून जावा."

आणि आईला तुम्ही वेगळं बसवून सांगितलात की तक्रारीचं निवेदन देशात किंवा राज्यात चालणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं, घटनेच्या 350 व्या कलमात आहे, मराठीत लिहिलं म्हणून मान खाली घालायची नाही. वारशापेक्षा आईला तेच जास्त लागलं होतं काका, तुम्हाला ते न सांगता कळलं.

आता शेजारच्या काकूंची विधवा पेन्शन अडकलीय. त्यांना मी पहिलं पोच विचारली, नव्हतीच. सोमवारी दोघी येतोय, झेरॉक्स सगळे घेऊन. आणि या खेपेला टायपिंगचे पैसे घ्यायचेत तुम्ही.