आबा, तुमच्यामुळे ॲम्प परत वाजला

जळगावच्या आमच्या रेडिओवाल्या आबांना,

आबा, तुम्ही मोबाईल बघत नाहीत माहितीय, नातू वाचून दाखवेल म्हणून लिहितोय. त्या दिवशी नीट थँक्यू म्हणताच आलं नाही, तुम्ही लगेच पुढच्या गिऱ्हाईकाचा मिक्सर उघडला.

माझ्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या गिटार ॲम्पला जो तो म्हणत होता भंगारात घाल. तुम्ही मागची फळी काढून आत डोकावले अन् म्हणाले, "हा तं रेडिओच आहे भो, फक्त घसा मोठा." अन् खरंच आहे ना ते! गिटार अन् ॲम्प बनवणारा तो प्रसिद्ध लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्तीवालाच, 1938 मध्ये कॅलिफोर्नियात फुलर्टनला दुकान टाकलेलं. त्याच्या बासमन ॲम्पच्या सर्किटवरूनच लंडनला जिम मार्शलच्या दुकानात केन ब्रान अन् डडली क्रेव्हननी 1962-63 च्या सुमारास जेटीएम 45 हा मार्शलचा पहिला ॲम्प उभा केला. म्हणजे ज्या आवाजामागे जग वेडं आहे तो तुमच्याच धंद्यातून निघालाय.

प्लग काढला तरी आत चारशेच्या आसपास व्होल्ट बसून असतात हे तुम्ही सांगितलं, रेझिस्टर लावून ती वीज साठवणारे कंडेन्सर रिकामे केले, मीटरवर शून्य दिसेपर्यंत मला टेबलाजवळ फिरकू दिलं नाही, अन् करंट छातीतून जाऊ नये म्हणून स्वतःचा डावा हात पूर्ण वेळ खिशात. मग फुगलेले दोन कंडेन्सर काढले, नवीन लावून सोल्डरचे डाग दिले, अन् ती घूंऽऽऽ घरघर गायब!

व्हॉल्व्हची मजा हीच की जोर दिला तरी आवाज एकदम फाटत नाही, हळूहळू दाबला जातो, बोट हलकं ठेवलं की स्वच्छ, जोरात ओढलं की गुरगुरतो. आताचे डिजिटल मॉडेलर, म्हणजे चिपवर ॲम्पचा आवाज काढणारी यंत्रं, ह्याच जुन्या डब्यांची नक्कल करतात, अन् चांगली करतात हो, लग्नाच्या ऑर्डरला मी पण तेच नेतो कारण हे धूड मे महिन्यात उचलणार कोण! पण ते बिघडलं की बोर्डच बदला म्हणतात, इथे तुम्ही दोन पार्टवर काम भागवलं अन् पैसेही तेवढ्याचेच घेतले, मजुरीचं नाव काढलं तर रागावले.

एक विनंती राहिली. कपाटातल्या जुन्या रेडिओग्रामचे ते ईएल 84 व्हॉल्व्ह कोणाला देऊ नका, व्हॉक्स एसी 30 ह्या नावाजलेल्या ॲम्पमध्ये असेच चार असतात अन् माझ्यात दोन लागतात. पगार झाला की येतो, तेव्हा मजुरी पण घ्यावी लागेल.

तुमचा,
गिटारवाला