माऊलीस, चाकणच्या पत्त्यावर

चि. माऊलीस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो अण्णा, बरं अण्णा" म्हणतोस आणि सुपरवायझरची हाक आली की ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसलो. काल तुझ्या आत्याचा फोन आला. शेजारच्या प्रेस मशीनवरच्या पोराची दोन बोटं गेली, हे तू तिला सांगितलंस आणि मला नाही, याचा राग धरलेला नाही. लहानपणापासून तुझं सगळं आधी तिच्याच कानावर जातं. आईला मी काही बोललो नाही. तूही बोलू नको.

एवढंच विचारतो आणि विषय बदलतो. तू उभा राहतोस त्या मशीनला दोन्ही हातांनी दाबायची बटणं आहेत, म्हणजे हात बाहेरच राहतात, की पायाचं पेडल?

इकडे सगळं ठीक. सोयाबीन फुलोऱ्यात आहे, खालच्या तुकड्यात पाणी साचून थोडी पिवळी पडली. काकाचं आणि माझं बांधावरून पुन्हा झालं, पण ते तुला नवीन नाही. वैशूची नर्सिंगची फी तू पाठवलेल्या पैशातूनच भरली. क्लार्कनं पावती फाडताना विचारलं, पैसे कुणाचे, तेव्हा मी मोठ्यानं सांगितलं, भावाने पाठवलेत, चाकणला कंपनीत आहे. रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं. मला बरं वाटलं.

आज सकाळी रोजगार हमीच्या कामावर, नालाबांधावर, फोटो काढायला गेलो होतो. रोजगारसेवकाला दिवसातून दोनदा मजुरांच्या हजेरीचे फोटो ॲपवर टाकावे लागतात, तुला माहीत आहे. रेंज नव्हती म्हणून बायका रांगेत ताटकळल्या. फोटोत चेहरे नीट यायला हवेत, पण माझं लक्ष हातांवरच जात होतं. कुणाच्या हातात टोपलं, कुणाच्या कुदळ, सगळ्यांची बोटं मातीनं भरलेली. दहाच्या दहा. विषय बदलतो म्हणालो आणि पुन्हा तिथंच आलो. चालायचंच.

तू गेलास त्याच्या आधी मी तुला जे बोललो नाही ते आज लिहितो. तू घरी बसून आहेस असं गावात ज्याला त्याला वाटत होतं. सरकारी पाहणीवाला माणूस आला होता, आठवतंय? त्यानं विचारलं, मुलगा काय करतो. आई म्हणाली, शेतात मदत करतो. त्यानं तेच लिहून घेतलं. त्यांच्या हिशोबात वर्षात ३० दिवस जरी घरच्या शेतात राबलं, पैसा न घेता राबलं, तरी तो माणूस कामात धरला जातो. २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीत ग्रामीण भागातली बेरोजगारी अडीच टक्के निघाली, शहरातली ५.१ टक्के. म्हणजे कागदावर आपलं गाव पुण्यापेक्षा बरं! प्रशिक्षणात साहेबांनी हा आकडा सांगितला तेव्हा मला तू दिसलास, सकाळी फवारणीचा पंप पाठीला लावून जाणारा आणि दुपारी पारावर पोरांबरोबर मोबाईलवर जाहिराती बघत बसणारा. त्या अडीच टक्क्यांत तू नव्हतास. एमएस्सी होऊनही नव्हतास.

दोन एकराला एक माणूस आणि सुगीला थोडी मदत पुरते. आपण तिघं राबलो, पोती तेवढीच निघाली. तुझ्या पणजोबांच्या नावावर सोळा एकर होते. चौघा भावांत चार-चार झाले, मग मी आणि काका दोन-दोन. हे आपल्याच घरात झालं असंही नाही. कृषी गणनेत १९७०-७१ ला महाराष्ट्रात सरासरी खातं ४ हेक्टर २८ आरचं होतं, २०१५-१६ ला ते १ हेक्टर ३४ आरवर आलं. तुला आणि वैशूला यात काय वाटून देणार? म्हणून "शेती कर" असं मी तुला कधी म्हटलं नाही, आणि "नको करू" म्हणायलाही जीभ उचलली नाही.

तलाठी भरतीचं मनाला लावून घेऊ नको. २०२३ ला जागा ४,६४४ आणि अर्ज दहा लाखांच्या वर. पुढं पोलीस भरतीला १७,४७१ जागांना सतरा लाखांवर अर्ज आले. एवढ्या पोरांत नाव नाही आलं म्हणजे पोरगा कमी पडला असं होत नाही. हजार रुपये फी, परगावचं सेंटर, लॉजचं भाडं, आणि परत येताना तुझं ते गप्प बसणं. अभ्यासिकेत तू चार वर्षं काढलीस. तुझ्या मामांनी स्थळ आणलंय, पोरीचे वडील शिक्षक आहेत. त्यांनी एकच विचारलं, परमनंट आहे का. मी म्हणालो, चांगल्या कंपनीत आहे. त्यापुढं त्यांनीही विचारलं नाही, मीही बोललो नाही.

आता हे मात्र नीट वाच. ठेकेदारानं तुझी ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, नोंदणी केली आहे का? महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्या कामगाराची ती करावीच लागते. स्लिपवर बघ, तुझ्याकडून पाऊण टक्का कापलेला दिसला पाहिजे, मालकाचे सव्वातीन टक्के वेगळे. नोंदणी झाली की ई-पेहचान कार्ड निघतं. अपघात कामावरच्या पहिल्या दिवशी झाला तरी बरा होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते, पण आधी नाव तर तिथं हवं. पीएफचा यूएएन नंबर लिहून घे. जादा तास थांबवलं तर त्याचा दाम दुप्पट, हे कायद्यात आहे. आणि १९४८ च्या कारखाना कायद्यापासून हे स्पष्ट आहे की मशीनच्या धोक्याच्या भागाला गार्ड हवा. सेन्सर बंद करून माल लवकर निघतो म्हणून कुणी सांगितलं तर ऐकू नको. डायमध्ये, म्हणजे साच्यात, जॉब (घडवायचा तुकडा) अडकला तर हात घालू नको, चिमटा घे, मेन बंद कर. रात्रपाळीला पहाटे तीन-चारला डोळा लागतो, तेव्हा तर अजिबात नको. दोन जॉब कमी निघाले तर काय होईल? बोलतील. बोलू दे.

लेक्चर झालं बघ. तू प्रयोगशाळेत ॲसिडच्या बाटल्या हाताळलेला, आणि मी तुला चिमटा शिकवतोय. राग मानू नको. दिवसभर लोकांना नियम सांगून सांगून तोंडाला तेच वळण पडलंय. रोजगार हमीत काम मागून पंधरा दिवसांत ते मिळालं नाही तर बेकारी भत्ता मिळतो, हे मी प्रत्येक ग्रामसभेत सांगतो. आपल्या गावात त्याचा अर्ज भरलेला मी अजून पाहिला नाही. लोक म्हणतात, भत्ता नको, अण्णा, काम काढा.

तुझी आजी १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडायला जायची. आत्या तेव्हा झोळीत, बाभळीला टांगलेली. दुपारी सुकडी मिळायची, ती आजी अर्धी पदरात बांधून आणायची. एकदा हातोडा घसरला आणि डाव्या अंगठ्यावर बसला. नख परत नीट आलंच नाही, मधोमध चिरलेलं राहिलं. तू लहान असताना तोच अंगठा मुठीत धरून झोपायचास आणि विचारायचास, आजी, हे असं का. ती म्हणायची, सरकारनं शिक्का मारला. तेव्हा आम्ही सगळे हसायचो.

पण त्या कामांनी माणसं जगली, हे ती मरेपर्यंत सांगायची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे साहेबांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला सरकारनं काम देण्याची ही कल्पना आधी करून पाहिली होती, दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम. देशाचा कायदा त्यानंतर खूप वर्षांनी, २००५ ला. तुझ्या स्लिपवर दोनशे रुपये व्यवसाय कर कापलेला असेल बघ. तो कर १९७५ ला आपल्या राज्यात सुरूच झाला या रोजगार हमीच्या पैशासाठी. शहरातल्या पगारदारानं गावातल्या मजुराच्या कामाला हातभार लावायचा, असा तो विचार. आजी असती तर तिला मी ते दोनशे रुपये बोट ठेवून दाखवले असते.

तू जाताना म्हणालास, अण्णा, माझं नाव जॉबकार्डवर आहेच, इथंच मस्टरला येतो. मी गप्प राहिलो ते लाजेनं नव्हे. २०२५-२६ चा दर होता ३१२ रुपये. कुटुंबाला हमी तेव्हा १०० दिवसांची, आणि सगळे दिवस भरले तरी घरात वर्षाचे ३१,२०० यायचे. ज्यांच्याकडे दुसरं काहीच नाही त्यांना त्यानं मोठा आधार होतो, मी तो रोज डोळ्यांनी बघतो. पण त्यावर तुझं पुढचं आयुष्य कसं उभं करायचं, हे मला सुचत नव्हतं. अजूनही सुचलेलं नाही. ये म्हणवत नाही, राहा म्हणवत नाही.

मात्र एक ठरवलंय. पेडल असेल, गार्ड नसेल, तर सुपरवायझरला सरळ सांग, पॅकिंगला टाका नाहीतर क्वालिटीला. तू रसायनशास्त्राचा आहेस, मोजमाप तुला कळतं. पगार कमी पडला तर पडू दे, वैशूच्या पुढच्या हप्त्याचं मी बघतो, तो तुझ्या डोक्यावर नको. आणि ऐकलंच नाही त्यांनी, तर पिशवी भर आणि ये. गावात कोण काय म्हणेल ते मी ऐकून घेईन.

त्या पोराच्या घरी कुणी कळवलं का? त्याचं कार्ड निघालेलं होतं का, विचार. निघालेलं नसेल तर त्याच्या वडिलांचा नंबर मला पाठव, अर्ज कसा करायचा ते मी त्यांना सांगेन. त्यांनाही कुणी सांगणारं नसेल.

हे पत्र बबनच्या गणेशबरोबर देतोय, तो रविवारी परत निघणार आहे. सोबत आईनं शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचं पीठ दिलंय, रूमवर चौघांत वाटून खा.

तुझा,
अण्णा

ता. क. उत्तर आईच्या फोनवर देऊ नको. सकाळी अकरा ते दोन मी पंचायतीत असतो, तेव्हा मला लाव. आधी बटणांचं सांग. मामांना स्थळाबद्दल काय कळवायचं ते नंतर बोलू.